मुळापाशीच्या चुण्या

रिपेका डॉसनच्या पोटाची चित्रं मोरॅगने पहिल्यांदा पाहिली ती मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास. पाहता पाहता तिने हातातला चहा न पिताच बाजूला ठेवला.

मोरॅग रँकिन रेडिओलॉजिस्ट होती. अठ्ठावन्न वर्षांची, उंच, जराशी पोक काढून चालणारी. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत तीन पडद्यांसमोर बसून गेली सव्वीस वर्षं ती माणसांची पोटं आतून वाचत आली होती. पेशंट तिला क्वचितच भेटत. तिच्यापर्यंत पोचायचं ते नाव, वय, गाव आणि छातीपासून मांड्यांपर्यंतचे शेकडो राखाडी काप. या कापांवर लिहिलं होतं : रिपेका डॉसन, वय त्रेसष्ट, गाव ब्लफ. खाली देशाच्या दक्षिण टोकावरच्या त्या बंदरातल्या डॉक्टरने दोन ओळी खरडल्या होत्या. बाई कालवांच्या शेडमध्ये कालवं फोडायचं काम करते. एप्रनची नाडी पुरेना झाली म्हणून दाखवायला आली.

एप्रनची नाडी का पुरत नव्हती ते पहिल्या दहा कापांतच कळलं. पोट पाण्याने भरलं होतं. दोन्ही अंडाशयांच्या जागी ओबडधोबड गोळे. आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा घट्ट होऊन भाकरीएवढा जाड झालेला. यकृताच्या वर, उजव्या बाजूला, एक पांढरट थर. हे सगळं वाईट होतं, पण यातलं मोरॅगला काही नवीन नव्हतं. अंडाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा असाच येतो. कुरकुर न करता सगळं घर भरून टाकतो आणि मग दार वाजवतो.

तिचा हात थांबला तो पुढे, पोटाच्या मधोमध. लहान आतडं ज्या पडदीला लटकलेलं असतं, त्या पडदीच्या मुळाशी. तिथे पडदी किंचित ओढल्यासारखी दिसत होती. कुणीतरी आतून दोरा ओढावा आणि कापडाला चुण्या पडाव्यात, तशी. चार कापांत दिसत होती. पाचव्यात नव्हती.

असा आजार पसरला की डॉक्टरांपुढे दोन वाटा असतात. आधी ऑपरेशन करून दिसेल तेवढं सगळं काढायचं आणि मग केमो द्यायची, किंवा आधी केमोने आजार आक्रसवायचा आणि मग ऑपरेशन. सगळं निघणार असेल तर पहिली वाट चांगली. गर्भाशय काढता येतं, मोठ्या आतड्याचा तुकडा काढता येतो, प्लीहा काढता येते, यकृतावरचा थर सोलून काढता येतो. पण लहान आतड्याच्या त्या मुळातून सगळ्या आतड्याला रक्त जातं. ते कापलं तर बाई जेवणार कशी? तिथे आजार असेल तर पोट उघडून काही उपयोग नसतो. उघडलेल्या पोटाची जखम भरून यायला आठवडे लागतात, तोवर केमो देता येत नाही, आणि आजार कुणासाठी थांबत नाही.

हे मोरॅगला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वेरा पेनल नावाची एक पियानो शिकवणारी बाई आली होती. तिच्या चित्रांतही मुळाशी काहीतरी अंधुक होतं. मोरॅगने त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि लिहिलं, 'मूळ मोकळं दिसतं.' सर्जनने पोट उघडलं. आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत आजाराने माखलेलं होतं. वीस मिनिटांत त्याने टाके घालून पोट बंद केलं. वेरा पुन्हा उठून बसली नाही. सहाव्या आठवड्यात गेली.

मोरॅगने फोन उचलून त्याच सर्जनला लावला. डेस्मंड पर्डीला सगळे डेस म्हणत.

"डेस, डॉसनबाईंची चित्रं पाहिलीस?"

"पाहिली की. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन थिएटर मिळतंय. सात तास धरलेत. बाई काटक आहे, काढू सगळं."

"मुळाशी चुण्या आहेत."

पलीकडे तो चित्रं वरखाली करत असल्याची टकटक ऐकू आली.

"कुठे? हे? अगं, हे पाणी आहे. पाण्यात आतडं तरंगतं, तेव्हा पडदी दुमडतेच."

"चार कापांत आहे."

"आणि पाचव्यात गायब आहे." तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मोरॅग, राग मानू नकोस. पण गेली दोन वर्षं तुला प्रत्येकीच्या पोटात वेरा पेनल दिसते. मार्चमध्ये त्या शेतकरीणबाईचं ऑपरेशन तू असंच अडवलंस. दुर्बीण घातली तर मूळ लख्ख होतं. तीन आठवडे वाया गेले तिचे."

हे खरं होतं.

"एमआरआय करू दे," शेवटी ती म्हणाली. "गुरुवारच्या बैठकीच्या आत. तुझा मंगळवार हलत नाही."

"कर बाई. तुझं समाधान होऊ दे."

फोन ठेवल्यावर तिने ते चार काप पुन्हा काढले. चुण्या होत्या. मग तिने डोळे चोळले, उजेड कमी केला आणि पुन्हा पाहिलं. आता तिला खात्री वाटेना. पाण्यात दुमडलेली पडदी अशीच दिसली असती. पडद्यावर जे दिसतंय ते बाईच्या पोटात आहे की आपल्या डोक्यात, हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला सांगता येत नव्हतं, आणि ती भीती तिला चुण्यांपेक्षा मोठी वाटली.

बुधवारी दुपारी एमआरआय झाला. तासाभराने तिथल्या टेक्निशियनचा फोन आला. पेशंटला डॉक्टरला भेटायचंय. नाही म्हटलं तरी हलत नाहीये.

"सर्जनकडे पाठव."

"सर्जन नको म्हणते. 'जी बघते तिला भेटायचंय' म्हणते."

रिपेका खोलीत आली तेव्हा तिच्यामागे तिची भाची नायरी होती. दोघी ब्लफहून आठ तास गाडी चालवून आल्या होत्या. रिपेकाचे हात जाडजूड होते, बोटांवर जुन्या पांढऱ्या व्रणांची जाळी होती. चेहरा मात्र पार उतरलेला, आणि लोकरी स्वेटरखाली पोट सात महिन्यांचं असावं तसं पुढे आलेलं.

"किया ओरा," असा आपल्या भाषेत नमस्कार करून ती विचारल्याशिवाय खुर्चीत बसली. "तुम्हीच का त्या? मला वाटलं कुणी तरणी पोरगी असेल, चष्म्याची."

"आंटी!" नायरी ओरडली.

"काय आंटी? गंमत केली. दाखवा बघू मला माझं पोट."

मोरॅग असं कधी करत नसे. पेशंटला चित्र दाखवणं हे तिचं काम नव्हतं, आणि निर्णय होण्याआधी तर मुळीच नव्हतं. पण ती बाई अशी बसली होती की नाही म्हणायला तोंड उघडेना. मोरॅगने पडदा तिच्याकडे वळवला.

रिपेका बराच वेळ बघत राहिली. मोरॅगने हळूहळू काप खाली नेले. हे यकृत, हे पोट, हे पाणी.

"थांबा," रिपेका म्हणाली. "मागे घ्या जरा. हे काय? हे असं ओढलेलं?"

तिचं जाड बोट बरोबर मुळावर होतं.

मोरॅगने काप तिथेच थांबवला. "तुम्हाला का विचारावंसं वाटलं ते?"

"चाळीस वर्षं कालवं फोडतेय मी. सुरी घातली की पहिल्या झटक्यात कळतं, आत मांस नीट बसलंय की कशालातरी धरून राहिलंय. हे धरून राहिलेलं दिसतंय." तिने मान वर केली. "चुकलं का माझं?"

"माहीत नाही," मोरॅग म्हणाली. "खरंच माहीत नाही. त्याच्यासाठीच हा दुसरा स्कॅन केला."

"ते डॉक्टर पर्डी म्हणतात, मंगळवारी सगळं काढतो. गोड बोलतात हो. मला वाटतं, काढावंच. पोटात असलं काही ठेवून मला झोप लागत नाही. पण मी विचारलं, काढता नाही आलं तर? तर म्हणाले, बघू तेव्हा." तिने मोरॅगचं मनगट धरलं. तिची पकड भलतीच घट्ट होती. "तेव्हा बघून काय उपयोग, पोरी? तेव्हा मी झोपलेली असणार. आत्ता कोण बघतंय, ते मला बघायचं होतं."

नायरीने एक झाकणाची बादली टेबलाखाली सरकवली. "तीती आहेत. समुद्रपक्षी, घरी खारवलेले. तीनदा पाणी बदलून शिजवायचे, नाहीतर तोंडात धरवणार नाहीत. घ्या हो डॉक्टर, नाहीतर आंटी परतीच्या वाटेत माझं डोकं खाईल."

त्या गेल्यावर मोरॅगने एमआरआय उघडला. या तऱ्हेच्या चित्रात निरोगी जागा काळी राहते आणि आजार उजळतो. अंडाशय उजळले, चरबीचा पडदा उजळला, ते अपेक्षितच होतं. ती मुळाशी गेली. काळ्या पाटीवर खडूने टिंबं द्यावीत, तशी टिंबं होती. तिने मोजायला सुरुवात केली आणि तेविसाला सोडून दिलं.

पण निरोगी आतड्याचं अस्तरही कधीकधी असं उजळतं. तिला हेही माहीत होतं.

कुठल्या पेशंटचं काय करायचं ते ठरवणाऱ्या गुरुवारच्या बैठकीत आठ जण होते. डेस टेबलाच्या टोकाला, शेजारी केमो देणारी डॉक्टर, बाकीचे भिंतीशी. मोरॅगने चित्रं दाखवली. डेसने हात छातीवर बांधून ऐकलं.

"यातली निम्मी टिंबं आतड्याची आहेत," तो म्हणाला.

"असतील."

"मग?"

"निम्मी नसतील."

कुणीतरी खोकलं. डेस म्हणाला, "मी मंगळवार सोडला तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. त्या बाईच्या पोटातून आठवड्याला चार लिटर पाणी काढावं लागतंय. तू मला एक वाक्य सांग. आहे की नाही?"

खोलीतले सगळे तिच्याकडे वळले. मोरॅगच्या मनात आलं, आहे म्हणावं आणि सुटावं. नाही म्हटलं आणि निघालं तर वेरा. आहे म्हटलं आणि नाही निघालं तर ती शेतकरीण. दोन्हीकडे एकेक बाई उभी होती, आणि मधे मनगट धरून बसलेली रिपेका.

"आहे असं मला वाटतं," ती म्हणाली. "पण माझ्या वाटण्यावर तिचा मंगळवार रद्द करू नकोस. त्याच दिवशी आधी दुर्बीण घाल. मूळ स्वतः बघ. मोकळं असलं तर लगेच उघड, सगळी तयारी असू दे. नसलं तर एक सेंटिमीटरही पुढे जाऊ नकोस."

डेसने विचार केला. "चालेल," तो म्हणाला. "पण बघायला तू ये. नंतर मला ऐकवायचं नाही, की नीट पाहिलं नाही म्हणून."

असं कधी झालं नव्हतं. सव्वीस वर्षांत मोरॅग ऑपरेशन थिएटरमध्ये चारदोन वेळाच गेली असेल. मंगळवारी सकाळी हिरवे कपडे घालून ती भिंतीला टेकून उभी राहिली, तेव्हा तिला तिथला वास आणि गारवा दोन्ही परके वाटले. रिपेका चादरींखाली दिसतच नव्हती. फक्त पोटाचा एक तुकडा उघडा होता, पिवळ्या औषधाने माखलेला.

आधी पाणी काढलं. मडक्यातल्या ताकासारखं गढूळ पाणी नळीतून बराच वेळ येत राहिलं. मग डेसने बेंबीपाशी दुर्बीण घातली आणि पडद्यावर आतलं दिसू लागलं.

रंग पाहून मोरॅग दचकली. तिच्या चित्रांत सगळं राखाडी असे. इथे सगळं गुलाबी, लाल, पिवळं, ओलं आणि हलणारं होतं. डेसने लहान आतड्याची एक वळी उचलून पुढे धरली. स्वच्छ होती. दुसरी उचलली. तीही स्वच्छ. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तोंडावर मास्क होता, पण डोळे बोलत होते. मोरॅगच्या मनात आलं, आपण परत तेच केलं.

"आणखी खाली," ती म्हणाली. "डावीकडे. पडदी उलटव."

डेसने आतड्याचा घोस हळूच बाजूला सारला आणि पडदी उलटवली.

भूल देणाऱ्या डॉक्टरनेही मान उंचावून पाहिलं. मुळाशी पडदी मुठीत चुरगळावी तशी ओढली गेली होती, आणि प्रत्येक चुणीत साबुदाण्याएवढे पांढरे दाणे दाटून बसले होते. तेवीस नव्हते. मोजण्यासारखे नव्हतेच. डेसने चिमट्याने एका दाण्याला हलवून पाहिलं. तो हलला नाही.

"धरून बसलंय," मोरॅगच्या तोंडून निघून गेलं.

डेसने तपासणीसाठी एक तुकडा घेतला, दुर्बीण बाहेर काढली आणि तीन टाके घातले. सात तासांची तयारी केलेल्या नर्सने मांडलेली हत्यारं एकेक करून परत झाकायला सुरुवात केली. हातमोजे काढताना तो एवढंच म्हणाला, "मी उघडलं असतं, मोरॅग. तू नसतीस तर मी उघडलंच असतं."

आपण बरोबर ठरलो याचा तिला आनंद होईना. दाणे तर तिथेच होते.

दुपारी डेसने रिपेकाला सांगितलं. मोरॅगही गेली. आता न जाणं तिला बरं वाटेना. रिपेकाने आधी हात पोटावर फिरवला. मोठी जखम नाही हे कळल्यावर तिने डोळे मिटले.

"म्हणजे निघालं नाही."

"आत्ता नाही," डेस म्हणाला. "आधी केमो. तीन फेऱ्या. मग परत बघायचं."

"आणि केमोने नाही हललं तर?"

या वेळी तो 'बघू तेव्हा' म्हणाला नाही. "तर ऑपरेशन होणार नाही," तो म्हणाला. नायरी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

जून ते ऑगस्टचा तिकडचा हिवाळा सगळा त्यातच गेला. रिपेकाचे केस गेले, जिभेची चव गेली, बोटांची जाणीव गेली. नायरीने नोकरीवरून रजा घेतली. दर तीन आठवड्यांनी ती आंटीला गाडीत घालून यायची, आणि एकदा डोंगरावरच्या रस्त्यावर बर्फ होतं म्हणून दोघी गाडीतच बसून राहिल्या. मोरॅग रक्ताचे आकडे बघायची. आजाराचा आकडा नऊशेचा साडेचारशे झाला, मग दीडशे, मग चाळीस.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा चित्रं आली. पाणी गेलं होतं. भाकरीएवढा पडदा पातळ झाला होता. मोरॅग मुळाशी गेली. चुण्या उलगडल्या होत्या. टिंबं विझली होती. एक बारीक रेघ मात्र राहिली होती, भरलेल्या जखमेच्या व्रणासारखी.

मेलेल्या आजाराचा व्रण आणि जिवंत आजाराची रेघ चित्रात सारखीच दिसते. ते वेगळं सांगणारं यंत्र तिच्या खोलीत नव्हतं.

गुरुवारी डेसने विचारलं, "काय करू?" त्याच्या आवाजात आता वाद नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त जड गेलं. थांब म्हणणं तिला येत होतं. दोन वर्षं तिने तेच केलं होतं. या रेघेवरून थांब म्हटलं असतं, तर तिला कुणीही दोष दिला नसता. रिपेका आणखी केमो घेत राहिली असती आणि हळूहळू केमोही निकामी झाली असती.

"उघड," मोरॅग म्हणाली. तिचे हात टेबलाखाली होते, ते तिने वर आणले नाहीत. "रेघ जिवंत असू शकते. पण ती आता वरवरची आहे, रक्तवाहिन्यांना धरून नाही. आधी तिथेच बघ."

ऑपरेशन सात तास दहा मिनिटं चाललं. गर्भाशय, अंडाशय, चरबीचा पडदा, प्लीहा आणि मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा निघाला. मुळावरची रेघ डेसने अलगद सोलली. शेवटी डोळ्यांना दिसेल असं पोटात काही उरलं नाही. दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. रेघेच्या दोन तृतीयांश भागात नुसता व्रण. उरलेल्या भागात जिवंत पेशी. डेसने कागद तिच्यासमोर ठेवला आणि दोघांनी तो वाचला.

उरलेली केमो नाताळाच्या आत संपली. मार्चमध्ये सुरू होणारा कालवांचा हंगाम रिपेकाने घरी बसून घालवला. शेडमधल्या बायका तिला फोन करून चिडवायच्या, की तुझी जागा एका पोरीने घेतलीय आणि ती तुझ्याहून भराभर फोडते. वर्षभर दर तीन महिन्यांनी चित्रं येत राहिली. मार्च स्वच्छ. जून स्वच्छ. सप्टेंबर, डिसेंबर स्वच्छ. डिसेंबरमध्ये नायरीने फोटो पाठवला. आंटीचे केस परत आले होते, कुरळे आणि पांढरेशुभ्र, आधी कधीच नव्हते तसे.

फेब्रुवारीत रक्ताचा आकडा अकराचा एकोणतीस झाला. दोन आठवड्यांनी चौसष्ट. लगेच स्कॅन झाला.

मोरॅगने तो तीन वेळा पाहिला. मग शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावून काही न सांगता त्याच्यासमोर ठेवला. त्यालाही काही दिसलं नाही. यकृत स्वच्छ, मूळ मोकळं. तिने स्वतः फोन लावला. हल्ली ती तसं करू लागली होती.

"बोल, पोरी," रिपेका म्हणाली. मागे समुद्रपक्ष्यांचा गोंगाट होता.

"चित्रात काही दिसत नाही."

"पण रक्त वाढलंय."

"हो."

"म्हणजे आहे कुठंतरी."

मोरॅगने सांभाळून बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "आहे. इतकं बारीक की मला दिसत नाही."

"कधी दिसेल?"

"दोन महिन्यांत. कदाचित चार."

"दिसल्याशिवाय काही करणार नाही तुम्ही?"

"आत्ता केमो सुरू करून फायदा नाही. तुम्हाला बरं वाटतंय तोवर थांबायचं. डेसही तेच म्हणतो."

मग रिपेका म्हणाली, "सोमवारी हंगाम सुरू होतोय. मी नाव दिलंय. बोटांना अजून सुरी नीट कळत नाही, पण अर्धा दिवस करीन म्हटलं. जाऊ का?"

"जा."

"बरं. मग मे महिन्यात येते, तेव्हा डझनभर कालवं आणीन. दुकानातली खाऊ नकोस, पाणचट असतात." आणि तिने फोन ठेवला.

मोरॅगने मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख लिहून घेतली. यादीत पुढची नावं वाट बघत होती. ती उघडायच्या आधी तिने रिपेकाचं चित्र पुन्हा पहिल्या कापावर नेलं, फुप्फुसांपाशी, आणि तिथून एकेक काप करत सावकाश खाली उतरू लागली.